गोल खाल्ला कोणी?

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. दिवाळी तोंडावर आलेली, घराघरांत चकल्या-शेवेचा वास आणि टीव्हीवर मडगावच्या फातोर्डा मैदानातला भारत विरुद्ध सिंगापूर सामना. आशियाई चषक २०२७ च्या पात्रता फेरीतला हा सामना भारताला जिंकणं भाग होतं. चौदाव्या मिनिटालाच लालियनझुआला छांगटेने बॉक्सच्या बाहेरून सुरेख गोल मारला आणि वाटलं, चला, आज जमलं! पण मध्यांतराच्या जेमतेम मिनिटभर आधी सिंगापूरच्या सोंग उई-यंगने बरोबरी केली आणि ५८ व्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल घातला. शेवटी १-२. सौदी अरेबियात होणाऱ्या स्पर्धेचं दार आपल्यासाठी तिथेच बंद झालं.

सिल्वासात फुटबॉल बघणारे तसे कमीच. क्रिकेटच्या मॅचला सोसायटीच्या प्रत्येक मजल्यावरून आरडाओरडा ऐकू येतो. फुटबॉलला आम्ही आठ-दहा जण. पण हरल्यानंतरच्या चर्चेला मात्र माणसं कमी पडत नाहीत. ज्यांनी एक मिनिटही सामना पाहिलेला नसतो, तेसुद्धा स्कोअर विचारून घेऊन मत द्यायला हजर! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली गेटजवळ अशीच चर्चा रंगली. त्या चर्चेमुळेच हा लेख लिहावासा वाटला, कारण भारतीय फुटबॉलबद्दल आपण सगळे कसे बोलतो, याचा तो अगदी नेमका नमुना होता.

एक सामना, तीन आरोपी

पहिली फळी होती गोलरक्षक आणि बचावफळीवर खापर फोडणाऱ्यांची. "गोल खाल्ला कोणी? ज्याने खाल्ला त्याला काढा, विषय संपला," असं एका काकांचं स्पष्ट म्हणणं. शिवाय पाचच दिवस आधी सिंगापूरमध्ये झालेल्या सामन्यात संदेश झिंगन लाल कार्ड घेऊन बाहेर गेला होता, त्यामुळे फातोर्डाला तो नव्हताच. तोही आरोपपत्रात आला.

दुसरी फळी सुनील छेत्रीवर घसरलेली. "एकेचाळीस वर्षांचा माणूस किती धावणार? एकदा निवृत्त झाला होता ना, मग परत कशाला आणला?" हा प्रश्न कॉलेजातल्या मुलांचा. छेत्रीने ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध शेवटचा सामना खेळून निरोप घेतला होता आणि मार्च २०२५ मध्ये तो पुन्हा संघात आला, हे खरंच.

तिसरी फळी प्रशिक्षकाच्या मागे लागलेली. खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये प्रशिक्षक झाले, तेव्हा याच मंडळींनी "बघा, आपला माणूस आला!" म्हणून आनंद केला होता. सप्टेंबरमध्ये मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून भारत तिसरा आला, तेव्हा तर विचारूच नका. महिनाभरात तेच खालिद जमील नालायक ठरले.

गंमत बघा, तिन्ही फळ्यांना एकेक माणूस हवा होता. एक नाव सापडलं की मन शांत होतं आणि आपण जेवायला घरी जायला मोकळे.

'का?' पुन्हा एकदा विचारा

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे मध्यरात्री एखादी सिस्टीम बंद पडली, की आधी ती चालू करायची आणि मग दुसऱ्या दिवशी शांतपणे 'पोस्टमॉर्टेम' लिहायचं, अशी पद्धत आहे. त्या अहवालाचा एक नियम फार चांगला आहे. दोष अमक्याचा, असं लिहून अहवाल संपवायचा नाही. 'अमक्याने चुकीचं बटण दाबलं' एवढ्यावर थांबलात तर पुढच्या महिन्यात दुसरा कोणी तरी तेच बटण दाबतो. त्यामुळे 'का?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा. ही युक्ती मूळची जपानची, टोयोटा कारखान्यांत रुजलेली. 'पाच वेळा का' म्हणून ती प्रसिद्ध आहे. आपल्या वापी-सिल्वासाच्या कारखान्यांत क्वालिटी विभागात काम करणाऱ्यांना ती चांगलीच माहीत असेल.

हीच युक्ती याच पात्रता फेरीतल्या दुसऱ्या एका पराभवावर वापरून बघू. १० जून २०२५, हाँगकाँग. भारत ०-१ ने हरला.

का हरला? इंज्युरी टाइममध्ये पेनल्टी गेली म्हणून. चेंडू पंच करायला पुढे आलेला गोलरक्षक विशाल कैथ याच्याकडून फाउल झाला. इथे थांबलं तर गुन्हेगार सापडला.

पण मग शेवटच्या मिनिटाच्या एका चुकीने अख्खा सामना का गेला? कारण त्याआधीच्या नव्वद मिनिटांत आपण एकही गोल केला नव्हता. पहिल्या हाफमध्ये आशिक कुरुनियनला गोलसमोर अगदी मोकळी संधी मिळाली होती, ती हुकली. इथे थांबलं तर दुसरा गुन्हेगार सापडला.

आता तिसरा 'का'. एक संधी हुकली तर एवढं महाग का पडावं? संधी तर जगातले मोठमोठे खेळाडूही घालवतात. महाग पडतं, कारण आपल्याकडून गोलच होत नाहीत. आकडे बघा. २०२४ या पूर्ण वर्षात भारताचा पुरुष संघ ११ सामने खेळला. एकही जिंकला नाही आणि गोल केले फक्त ४. या पात्रता फेरीतल्या पहिल्या पाच सामन्यांत (बांगलादेश ०-०, हाँगकाँग ०-१, सिंगापूर १-१, सिंगापूर १-२ आणि मग १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून ०-१) गोल २ आणि गुणही २. ढाक्यातला तो पराभव तर बांगलादेशविरुद्ध २२ वर्षांनी आलेला.

आता सांगा, पाच सामन्यांत पाच गोल 'खाल्लेल्या' संघाचा खरा रोग बचावात आहे की पुढे? गेटवरच्या काकांनी विचारलं होतं, गोल खाल्ला कोणी. खरा प्रश्न आहे, गोल करायचा कोणी?

नऊ नंबरची जागा

२०२४ मधले ते चार गोल कोणी केले, हेही बघण्यासारखं आहे. अफगाणिस्तानविरुद्ध गुवाहाटीत छेत्रीने, तोही पेनल्टीवर. कतारविरुद्ध छांगटेने, जो विंगवरून खेळतो. व्हिएतनामविरुद्ध फारुख चौधरीने. आणि मलेशियाविरुद्ध हैदराबादला आपल्या मुंबईच्या राहुल भेकेने, कॉर्नरवर हेडर मारून. भेके बचावपटू आहे! बचावपटूने पुढे येऊन गोल करावा ही कौतुकाची गोष्ट आहे, पण त्याच्यावर अवलंबून राहायची वेळ येणं ही काळजीची.

फुटबॉलमध्ये पुढे मधोमध खेळणाऱ्या, गोल करणं हेच मुख्य काम असलेल्या खेळाडूला 'नऊ नंबर' म्हणतात. आपला नऊ नंबर कुठे आहे? इथे चौथा 'का' येतो. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २०२४-२५ पर्यंत तिचे ११ हंगाम झाले आणि अकराही वेळा सर्वाधिक गोलांचा 'गोल्डन बूट' परदेशी खेळाडूने नेला. एलानोपासून ते नॉर्थईस्ट युनायटेडच्या अलाद्दिन अजराईपर्यंत, ज्याने शेवटच्या त्या हंगामात तब्बल २३ गोल केले. एकदाही भारतीय नाव नाही.

यात परदेशी खेळाडूंचा दोष नाही. ते आले म्हणून लीग बघण्यासारखी झाली. पण क्लबच्या प्रशिक्षकाच्या जागेवरून विचार करा. चार सामने हरलो तर आपली नोकरी जाणार, हे त्याला माहीत असतं. परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागा हातात आहेत. मग सगळ्यात महत्त्वाच्या जागी, म्हणजे गोल करायच्या जागी, तो तयार माणूस आणणार की विशीतल्या भारतीय पोराला शिकवत बसणार? त्याचा निर्णय त्याच्या पुरता बरोबरच असतो. पण जवळजवळ सगळ्या क्लबांनी तोच बरोबर निर्णय घेतला, की देशाच्या संघात मधोमध एक खड्डा पडतो. भारतीय पोरगा मग विंगवर सरकतो किंवा बाकावर बसतो. आमच्या क्षेत्रात असं खूपदा दिसतं. प्रत्येक भाग आपापल्या जागी नीट चालतो आणि तरीही पूर्ण सिस्टीम कोसळते.

नियम हळूहळू बदलले, हेही सांगायला हवं. सुरुवातीला मैदानावरच्या अकरांत किमान ५ भारतीय पुरेसे होते, २०२१-२२ पासून किमान ७ लागतात. पण ते सात जण कुठल्या जागी खेळवायचे, हे क्लबच ठरवणार.

आता छेत्रीकडे वळू. २०२४-२५ च्या त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीय कोण? चाळिशीतला सुनील छेत्री, १४ गोल. म्हणजे देशाच्या प्रशिक्षकाने आकडे बघून माणूस निवडायचा ठरवलं, तर यादीत सगळ्यात वर तोच. पात्रता फेरीतल्या त्या दोनपैकी एकही गोल छेत्रीचा नव्हता, हे खरं आहे आणि ते बोलायलाही हवं. पण "छेत्री एकेचाळिसाव्या वर्षी का खेळतोय?" हा प्रश्न छेत्रीला विचारून उपयोग नाही. तो उरलेल्या सगळ्या व्यवस्थेला विचारायला हवा.

आणि पाचवा 'का' तर अगदी ताजा आहे. लीगचा हंगाम एरवी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतो. २०२५ मध्ये महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला, नवा होईना आणि जुलैमध्येच हंगाम थांबवल्याचं जाहीर झालं. काही खेळाडूंचे पगार अडकले. फातोर्डात सिंगापूरशी खेळताना आपल्या खेळाडूंच्या पाठीशी लीगचा एकही सामना नव्हता. महिनोन्‌महिने गाडी गॅरेजमध्ये उभी ठेवायची आणि एकदम घाटात घालायची, असा हा प्रकार.

ड्रायव्हर बदलून पाहिला

प्रशिक्षक बदलण्याचा उपाय तर आपण करून पाहिलाच आहे. जून २०२४ मध्ये विश्वचषक पात्रतेतून बाहेर पडल्यावर इगोर स्टिमॅच यांना काढलं. मग मनोलो मार्केझ आले. ते एकाच वेळी एफसी गोवा आणि भारत असे दोन संघ सांभाळत होते. हाँगकाँगच्या पराभवानंतर जुलै २०२५ मध्ये तेही गेले. मग खालिद जमील. सव्वा वर्षात तीन प्रशिक्षक आणि गोलांचा दुष्काळ तसाच.

जमील यांची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. खेळाडू म्हणून त्यांची बरीच कारकीर्द मुंबईच्या मैदानांवर गेली, महिंद्रा युनायटेडकडून ते खेळले. २०१६-१७ मध्ये त्यांनी मिझोरमच्या ऐझॉल एफसी या छोट्याशा क्लबला आय-लीग जिंकून दिली. मोहन बागान आणि ईस्ट बंगालसारखे दिग्गज असताना! कमी साधनांत संघ उभा करणं हीच त्यांची ओळख. अशा माणसाला दोन महिन्यांत नालायक ठरवणं म्हणजे आपल्याला प्रश्न सोडवायचा नाही, फक्त राग काढायचा आहे.

मग खेळाडूंना बोलायचंच नाही?

बोलायचं की! चाहत्याला रागवायचा हक्क आहे. हरल्याचं वाईटच वाटलं नाही तर तो चाहता कसला? झिंगनचं लाल कार्ड ही चूकच होती. अनुभवी बचावपटूने आधीच एक पिवळं कार्ड असताना जपून खेळायला हवं. मोकळी संधी घालवली तर ती घालवलीच. फक्त टीका आणि टर यात फरक आहे. "त्या क्षणी तो चुकीच्या जागी होता" ही टीका. "ह्यांना काही येतच नाही, बंद करा फुटबॉल" ही टर. टीकेला उत्तर देता येतं, सुधारता येतं. टर उडवली की बोलणं तिथेच संपतं.

आमच्या पिढीची आणि आमच्याहून लहान मुलांची एक गंमत आहे. शनिवारी रात्री मँचेस्टर युनायटेड हरली की आम्ही रविवारभर चर्चा करतो. कोणता मिडफिल्डर कुठे उभा होता, प्रेसिंग कुठे तुटलं, बदली खेळाडू उशिरा का आणला. हजारो किलोमीटर लांबच्या क्लबबद्दल एवढी माया, एवढा अभ्यास! आणि भारत हरला की एका वाक्यात निकाल: "आपलं असंच असतं." हा राग नाही, हा नाद सोडून देणं आहे.

हे ऐकणारं कोणी तरी असतं, हे आपण विसरतो. त्या दिवशी गेटवरच्या चर्चेत तेरा वर्षांचा एक मुलगा उभा होता. रोज संध्याकाळी मेस्सीचा शर्ट घालून पार्किंगमध्ये चेंडू बडवणारा. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्याने मला हळूच विचारलं, "दादा, मग इथे फुटबॉल खेळून काही होतच नाही का?" त्याला कोणाचं नाव नको होतं. त्याला फक्त खेळत राहावं की नाही, ते हवं होतं.

मी त्याला जे सांगितलं, ते इथेही सांगतो. ५ जुलै २०२५ ला आपल्या मुलींनी, म्हणजे भारताच्या महिला संघाने, थायलंडमध्ये जाऊन थायलंडलाच २-१ ने हरवलं आणि पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशियाई चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ही बातमी आपल्यापैकी किती घरांत पोहोचली?

पुढे ३० नोव्हेंबरला अहमदाबादमध्ये आपल्या १७ वर्षांखालच्या मुलांनी इराणला २-१ ने हरवलं आणि आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. इराण म्हणजे आशियातलं बलाढ्य नाव! प्रशिक्षक गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. अहमदाबाद आपल्याला काही लांब नाही, वापीहून थेट गाडी आहे. तरी आमच्या आठ-दहा जणांतलं कोणी गेलं नाही. त्यानंतर दोनच आठवड्यांनी मेस्सी मुंबईत वानखेडेवर आला, तेव्हा मात्र तिकिटांच्या चौकशा आमच्या सोसायटीतूनही झाल्या. मेस्सी तिथे सामना खेळणार नव्हता, तरी!

शिव्या द्या, पण येऊन द्या

हे लिहिताना २०१८ ची आठवण येणं अपरिहार्य आहे. १ जून २०१८ ला मुंबईत अंधेरीच्या फुटबॉल अरेनामध्ये भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक झाली. प्रेक्षक किती? २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक छोटा व्हिडिओ टाकला. त्याचा मथितार्थ असा होता की युरोपच्या क्लबांइतके आम्ही चांगले नाही हे कबूल. आमच्यावर टीका करा, ओरडा, शिव्यासुद्धा द्या, पण मैदानात येऊन द्या. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. मुंबईच्या पावसात स्टेडियम खचाखच भरलं. भारत ३-० ने जिंकला, त्यातले दोन गोल छेत्रीचे.

त्या व्हिडिओत मला सगळ्यात आवडतं ते हे की त्याने कौतुक मागितलं नाही. त्याला टीका चालणार होती, फक्त रिकाम्या खुर्च्या चालत नव्हत्या. रिकाम्या खुर्च्या बघून जाहिरातदार जातो, तो गेला की लीग अडते, लीग अडली की खेळाडूचे पाय जड होतात आणि मग आपण घरबसल्या विचारतो, गोल खाल्ला कोणी. म्हणजे 'का?' विचारत विचारत गेलं की त्या साखळीची एक कडी आपल्या सोफ्यापर्यंत येते.

आपण सिल्वासाचे लोक काय करू शकतो? वापी स्टेशन गाठलं की मुंबई तीन तासांवर आहे. सुट्टीत मॉल बघायला मुलांना नेतोच, एकदा अंधेरीला सामना दाखवायला न्या. संतोष ट्रॉफीत आपल्या दादरा नगर हवेली आणि दमण-दीवचाही संघ खेळतो. त्याचा निकाल काय लागला, हे निदान विचारत जा. मंडळाच्या क्रीडा महोत्सवात क्रिकेट आणि कॅरमच्या जोडीला मुलामुलींचे पाच-पाच जणांचे फुटबॉल सामने ठेवता येतील. त्याला एक मैदान, दोन जाळ्या आणि एक शिट्टी लागते. आणि त्या सामन्यांत प्रत्येक मुलाला, मुलीला एकदा तरी पुढे, गोलसमोर खेळू द्या. सगळ्यात धिप्पाड मुलालाच तिथे उभं करून चषक जिंकण्याचा मोह आपल्यालाही होईल, तो टाळायचा.

भारत पुढेही हरणार आहे. एकदम काही बदलणार नाही. हरल्यावर गेटजवळ पुन्हा चर्चा होईल आणि व्हायलाच हवी. फक्त कोणी एखादं नाव घेतलं, की त्याला एकदा 'का?' विचारा. उत्तर आलं, की पुन्हा विचारा. तेवढं बोलणं तो मेस्सीचा शर्टवाला ऐकत असेल, तर उद्या चेंडू घेऊन तो पुन्हा खाली उतरेल.